वाळूची ऑर्डर कुणी दिली? एका प्रतिक्रियेला लांबलचक उत्तर

काका, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया मंगळवारी रात्री वाचली, लगेच उत्तर टाइप केलं आणि डिलीट करून टाकलं, कारण चिडून लिहिलं होतं. आता शनिवार आहे, बाहेर कार्डिफचा नेहमीचा पाऊस आहे, चहा झालाय, तर शांतपणे लिहितो. लांबेल हे आधीच सांगून ठेवतो.

बाकीच्यांसाठी थोडक्यात. मागच्या पोस्टमध्ये मी ॲबरिस्टविथच्या नॅशनल लायब्ररीत जाऊन वेल्समधल्या प्रायोगिक नाटकाचे कागद बघितले त्याबद्दल लिहिलं होतं, आणि त्याच ओघात सरकारी कागदांचंही बरंच कौतुक केलं होतं. त्यावर काकांचं म्हणणं असं की नाटक पडदा पडला की संपतं, मागे उरते ती रद्दी, आणि मी त्या रद्दीला तीर्थप्रसादासारखं डोक्याला लावतोय. दुसरं, सरकारी अनुदान घेऊन केलेल्या नाटकाला प्रायोगिक म्हणणं हाच विनोद आहे. तिसरं, माझ्या पोस्टमध्ये ढळढळीत चूक आहे. आणि शेवटी, त्यांच्या सत्तरच्या दशकातल्या ग्रुपच्या कागदांच्या दोन ट्रंका होत्या, त्यातली एक त्यांनी रद्दीवाल्याला दिली आणि 'काही बिघडलं नाही'.

चूक आधी मान्य करतो. मी बिनधास्त लिहून टाकलं होतं की वेल्श ऑफिसच्या, म्हणजे वेल्सचा कारभार बघणाऱ्या ब्रिटिश सरकारी खात्याच्या, फायलीही ॲबरिस्टविथलाच आहेत. नाहीत. त्या लंडनमध्ये क्यूला, तिथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत, बीडी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या नंबरांखाली. ॲबरिस्टविथला १९८३ पासून वेल्श पोलिटिकल आर्काइव्ह आहे, पण तिथे पक्षांचे, पुढाऱ्यांचे, चळवळींचे कागद, सरकारी खात्यांचे नाहीत. आर्ट्स कौन्सिलचं, म्हणजे नाटकांना वगैरे अनुदान वाटणाऱ्या संस्थेचं, दप्तर मात्र ॲबरिस्टविथला आहे, आणि माझ्या डोक्यात 'सरकारी म्हणजे सगळं एकच' असा घोळ झाला होता. तुम्ही पकडलंत, पोस्टमध्ये दुरुस्ती केलीये, धन्यवाद. गंमत बघा, वेल्सचा कारभार कसा चालला ते बघायला वेल्सच्या माणसाने लंडनला जायचं. आणि कार्डिफहून ॲबरिस्टविथला रेल्वेने जायचं तरी आधी श्रूजबरीला, म्हणजे चक्क इंग्लंडात, गाडी बदलायची, कारण कारमार्थनहून ॲबरिस्टविथला जाणारी लाइन १९६५ मध्ये बंद केली. त्याच वर्षी वेल्श ऑफिस सुरू झालं. हे मी मुद्दाम जुळवून सांगत नाहीये, तारखाच तशा आहेत.

आता मुख्य भांडण. नाटक संपतं आणि रद्दी उरते.

काका, तुम्ही संहितेच्या नाटकाचा विचार करताय. तुमच्या काळात स्पर्धेला उतरायचं तर संहिता सेन्सॉरला द्यावी लागायची, म्हणजे निदान संहिता तरी कुठेतरी उरायची. ब्रिटनमध्येही १९६८ पर्यंत लॉर्ड चेंबरलेनच्या ऑफिसची परवानगी लागायची, आणि तिथे जमा झालेल्या संहितांचा ढीग आज ब्रिटिश लायब्ररीत आहे, म्हणजे नाटकवाल्यांवर संशय घेणाऱ्या ऑफिसनेच नाटकं सांभाळली. पण मी ज्यांच्याबद्दल लिहिलं त्या ब्रिथ गोव या मंडळींचं नाटक संहितेत मावणारं नव्हतंच. (वेल्श स्पेलिंगमध्ये एक एफ असला की तो व, आणि दोन डी आले की मऊ द. हे मला इथे राहून चार वर्षांनी कळलं, तोपर्यंत ऑफिसात सगळे माझ्या तोंडाकडे बघून हसायचे.) ब्रिथ गोव म्हणजे अंधुक आठवण. १९८१ मध्ये माइक पिअरसन आणि लिस ह्यूज जोन्स यांनी ॲबरिस्टविथमध्येच ही कंपनी काढली. दोनच वर्षांपूर्वी, १ मार्च १९७९ ला, वेल्सला स्वतःची असेंब्ली हवी का असं विचारलं होतं आणि पाचातल्या जवळपास चौघांनी नको म्हणून सांगितलं होतं, त्या पडेल वातावरणात हे लोक वेल्शमधून नाटक करायला उभे राहिले. पिअरसन मूळचा आर्किऑलॉजी शिकलेला, आणि पुढे सामील झालेला क्लिफर्ड मॅक्लुकस आर्किटेक्ट. म्हणजे एक उकरणारा आणि एक बांधणारा.

त्यांचं 'गोदोदिन' घ्या. डिसेंबर १९८८, कार्डिफमधला बंद पडलेला रोव्हर गाड्यांचा कारखाना. सोबत टेस्ट डिपार्टमेंट नावाचा लंडनचा बँड, नाव एखाद्या सरकारी खात्यासारखं पण काम लोखंडाचे पिंप आणि भंगार बडवायचं, आणि हेच लोक १९८४-८५ च्या खाणकामगारांच्या संपात साउथ वेल्सच्या संपकरी खाणकामगारांच्या गायकवृंदाबरोबर गायले-वाजवले होते, त्यांची एकत्र रेकॉर्डही आहे. कारखान्याच्या आत शेकडो टन वाळू, झाडं, मोडक्या गाड्या, पिंपं, आणि प्रयोग पुढे सरकेल तसं हजारो गॅलन पाणी आत सोडत जायचं. शेवटाकडे नट पाण्यातच लढतायत.

आता तुम्ही जुने हौशी आहात, सांगा मला, ही शेकडो टन वाळू आली कुठून? कुणीतरी फोन केला असणार, भाव केला असणार, ट्रक कुठल्या गेटने आत घ्यायचा ते ठरवलं असणार. पाणी सोडायचं तर वायरी कुठून न्यायच्या? प्रेक्षकांना आत घ्यायचं तर फायरवाल्यांना काय सांगायचं? या नाटकात वाळू हे नेपथ्य नाहीये, तेच नाटक आहे. तेंडुलकरांच्या नाटकाची बॅकस्टेजची फाइल हरवली तरी तेंडुलकर उरतात. 'गोदोदिन'चं बिल हरवलं की 'गोदोदिन'चाच एक तुकडा गेला. माझ्या पोस्टमध्ये मी हे नीट सांगितलं नव्हतं, नुसतंच 'वा काय खोकी आहेत' असं झालं होतं, ते तुमचं बरोबर आहे.

आणि हे नाटक पुढे इटलीतल्या पोलव्हेरिजीला गेलं, हॅम्बुर्गला, नेदरलँड्समध्ये लेउवार्डेनला आणि ग्लासगोला ट्रामवे नावाच्या जुन्या ट्राम डेपोत. दर ठिकाणी जागा वेगळी म्हणजे वाळूचा हिशोब पुन्हा पहिल्यापासून. दौरा म्हणजे टेम्पोत नेपथ्याचे फ्लॅट्स टाकले आणि निघालो असं नाही ते.

पण काका, तुमच्या 'पडदा पडला की संपलं' ला माझं खरं उत्तर वेगळंच आहे, आणि ते मला परत येताना गाडीत सुचलं, म्हणून पोस्टमध्ये नव्हतं. 'गोदोदिन' ही मुळात कविता. साधारण इसवी सन ६०० च्या सुमाराची लढाई. आजच्या एडिंबराजवळचे तीनशे योद्धे, वर्षभर राजाकडे मेजवान्या झोडून कात्राएथला लढायला गेले आणि जवळजवळ सगळे मेले. अनायरिन नावाच्या कवीने त्यांच्यासाठी शोकगीतं रचली असं मानतात. ती म्हणायची होती, दरबारात, लोकांसमोर. म्हणजे प्रयोगच की तो. आणि आपल्या हातात जी पोथी आहे ती तेराव्या शतकातली, दोन वेगळ्या लेखनिकांच्या हातची, आणि दोघांच्या पाठात फरक. एकाचं स्पेलिंग जुन्या वळणाचं, दुसऱ्याने आपल्या काळाप्रमाणे सुधारून घेतलेलं. मध्ये साडेसहाशे वर्षं गेली. तुमच्या हिशोबाने ती पोथी म्हणजे रद्दीच. पण ती नसती तर १९८८ मध्ये कार्डिफच्या कारखान्यात पाणी सोडायला कुणी गेलंच नसतं. आणि ती पोथी आहे कार्डिफच्या लायब्ररीच्या मालकीची, पण ठेवलीये ॲबरिस्टविथला, म्हणजे ब्रिथ गोवची खोकी ज्या इमारतीत आहेत त्याच इमारतीत. एकाच छपराखाली तेराव्या शतकातलं 'गोदोदिन' आणि विसाव्या शतकातल्या 'गोदोदिन'चे कागद. मला हे कळलं तेव्हा मी ट्रेनमध्ये एकटाच हसलो, समोरच्या बाईंनी बॅग जवळ घेतली.

आता अनुदान. इथे मी अर्धा तुमच्या बाजूने आहे. १९९४ पर्यंत वेल्श आर्ट्स कौन्सिल हे स्वतंत्र नव्हतंच, ब्रिटनच्या मोठ्या कौन्सिलची शाखा होती ती. तत्त्व असं की पैसे सरकारचे पण कुणाला द्यायचे ते मंत्र्याने ठरवायचं नाही, कौन्सिलने ठरवायचं. थॅचरबाईंच्या काळात संपकऱ्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या बँडला घेऊन नाटक होऊ शकलं त्यात या तत्त्वाचा वाटा असणार असं मला वाटतं. पण चेकबुक ज्याच्या हातात त्याच्या अनुदानाच्या एका फेरआढाव्याने काय होतं तेही बघितलंय. नॅशनल थिएटर वेल्स २००९ मध्ये उभं राहिलं, पहिल्या वर्षात महिन्याला एक या हिशोबाने तेरा ठिकाणी तेरा प्रयोग केले, पोर्ट टॅल्बट गावात मायकल शीन या नटाला घेऊन २०११ च्या ईस्टरला तीन दिवस अख्खं गाव नाटकात उतरवलं. २०२३ मध्ये कौन्सिलने हात काढून घेतला आणि २०२४ संपता संपता कंपनी बंद. म्हणून तर म्हणतो, नाटकाचे कागद आणि कारभाराचे कागद शेजारी ठेवून वाचायला हवेत. नुसते नाटकाचे वाचले की सगळे कलावंत, नुसते कौन्सिलचे वाचले की सगळे अर्जदार.

तुम्ही विचारलंत की सरकार आणि नाटक यांचा पैशापलीकडे संबंध काय. एकच उदाहरण देतो. ब्रेकन भागात एपिंट नावाचा डोंगराळ पट्टा आहे. १९४० मध्ये वॉर ऑफिसने तो लष्कराच्या सरावासाठी ताब्यात घेतला, ५४ घरं, २१९ माणसं, सगळी वेल्श बोलणारी, बाहेर काढली. नॅशनल म्युझियमचा योरवर्थ पीट हा माणूस जुनी घरं नोंदवून ठेवायला तिकडे गेला होता, तर एक म्हातारी अंगणात खुर्ची टाकून डोंगराकडे बघत बसलेली, डोळ्यातून पाणी. तिने विचारलं कुठून आलास, हा म्हणाला कार्डिफहून, तर ती म्हणाली लवकर परत जा बाबा, इथे जगबुडी झालीये. हे आपल्याला माहीत आहे ते पीटने लिहून ठेवलं म्हणून. ताबा घेतल्याची सरकारी फाइल वाचलीत तर तिच्यात एकर असतील, घरांची संख्या असेल, म्हातारी नसेल. आणि नुसती म्हातारी वाचलीत तर हुकूम कुणाच्या सहीने निघाला ते कळणार नाही.

पुढे लष्कराने त्याच पट्ट्यात किलिएनी नावाचं खोटं गाव बांधलं, गल्लीबोळात लढायचा सराव करायला. घरं आहेत, चर्च आहे, माणूस एक नाही. आणि २०१० मध्ये माइक पिअरसनने त्या खोट्या गावात ग्रीक नाटककार एस्किलसचं 'पर्शियन्स' केलं, जगातल्या सगळ्यात जुन्या उरलेल्या नाटकांपैकी एक, हरलेल्यांचं नाटक. लोकांना बसने आत नेलं. एक घर पुढची भिंतच नसलेलं, सगळे मजले उघडे, त्यात राणी आपल्या पोराच्या सैन्याची वाट बघतेय. हा प्रयोग लष्कराच्या परवानगीशिवाय होणं शक्य होतं का? मग परवानगीचा कागद हा नाटकाबाहेरचा कागद कसा? मला तो वाचायला मिळाला तर मी त्यातल्या अटी आधी वाचीन, समीक्षा नंतर.

बाकी तुमचा तो टोमणा, की 'तुम्ही यातलं एक तरी नाटक बघितलंय का'. नाही. १९८८ मध्ये मी तीन वर्षांचा होतो आणि सांगलीत होतो. तुम्हीही भाऊराव कोल्हटकरांना ऐकलं नाहीये काका, पण त्यांच्याबद्दल तासभर बोलता.

आणि ते तीर्थप्रसादाचं. रीडिंग रूममध्ये पेन चालत नाही, पेन्सिलच. एका फोल्डरला आपल्याकडच्या ऑफिसात असतो तसाच हिरव्या दोऱ्याचा टॅग होता, दोन टोकांना पत्र्याच्या काड्या. माझे वडील झेडपीत क्लार्क होते, घरी अशा टॅगचा डबा असायचा आणि आम्ही पोरं त्याच्या माळा करायचो. तो टॅग बघून मी दोन मिनिटं कागद उलटलेच नाहीत. एवढंच झालं, बाकी डोक्याला वगैरे काही लावलं नाही.

राहिली तुमची ट्रंक. जी गेली ती गेली, त्यावर मी बोलत नाही. पण दुसरी अजून माळ्यावर आहे असं तुमच्याच प्रतिक्रियेत शेवटच्या ओळीत आहे. मी डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पुण्यात आहे, सूचीला वही आणि पेन्सिली मी आणतो, तुम्ही फक्त तोपर्यंत रद्दीवाल्याला दारातूनच परत पाठवा. आणि त्यात कुठे हॉलच्या भाड्याच्या पावत्या असतील तर त्या फोटोंच्या आधी काढून ठेवा.