तासाला २,००० युनिट? वारा तेवढा हवा ना!

२ मेगावॅटची पवनचक्की तासाला २,००० युनिट देते, हा पवनचक्क्यांवरच्या लेखातला हिशेब फसवा आहे. तेवढी वीज वारा सेकंदाला साधारण १२ मीटर तरी असेल तेव्हाच. वेग निम्मा झाला की वीज आठव्या हिश्श्यावर येते. वर्षाची सरासरी पूर्ण क्षमतेच्या २५ टक्के धरली तर वर्षाला ४३-४४ लाख युनिट. सातारा जिल्ह्यातल्या वांकुसवडे, चाळकेवाडीच्या पठारावर खरा हंगाम पावसाळ्याचा, म्हणजे नेमके आपल्या कोल्हापूरकडचे शेतीपंप बंद असताना! हिवाळ्यात साखर कारखान्यांची बगॅसवरची (उसाच्या चिपाडावरची) वीज जोडीला येते, ते बरंच.

देखभालीचा तर लेखात उल्लेखच नाही. पात्याचं टोक सेकंदाला ७०-८० मीटरनं फिरतं. पावसाच्या थेंबांनी पुढची कड पॉलिशपेपरसारखी खरखरीत होते. वेळेत संरक्षक लेप दिला नाही तर त्याच वाऱ्यात युनिट कमी पडतात.