सिनेमा सगळ्यांचा, मग प्रिंट कुणाची?

परवा पुण्यात लॉ कॉलेज रोडच्या कट्ट्यावर चहा यायच्या आधीच वाद पेटला. सुऱ्या मोबाइलवर 'संत तुकाराम' बघत होता. जिजाई डोंगरावर जेवण घेऊन येते, नवऱ्यावर चिडते आणि मायेनं वाढतेही, तो प्रसंग. मूळचं चौकोनी चित्र ताणून रुंद केलेलं, त्यामुळे सगळी माणसं आडवी सुटलेली. वर जिजाई झालेल्या गौरीच्या चेहऱ्यावर कुठल्याशा चॅनलचा शिक्का.

"1936 चा सिनेमा. हक्क कधीच संपले. मग ह्यांनी शिक्का कशाच्या जोरावर मारला?" सुऱ्या म्हणाला.

आमच्या वकीलबाई सरसावल्या. "आपल्याकडे सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षं. म्हणजे 'अयोध्येचा राजा', 'कुंकू', 'माणूस', 'शेजारी', प्रभात फिल्म कंपनीचं हे सगळं मोकळं. पण गाण्याचे शब्द वेगळे. 'आधी बीज एकले' कुणाचं?"

"तुकोबांचं."

"शांताराम आठवल्यांचं! लोक अजून गाथेत शोधतात. आठवले 1975 मध्ये गेले, त्यानंतर 60 वर्षं मोज. शब्दांवरचा हक्क 2035 संपेपर्यंत आहे. सिनेमा जुना म्हणून ते गाणं उचलून स्वतःच्या व्हिडिओला लावशील, तर अडकशील."

अभंगाच्या इतकं जवळ जाणारं गाणं एका पगारी गीतकारानं लिहावं, ह्याचं मला दर वेळी नव्यानं अप्रूप वाटतं.

नाना मात्र वेगळ्याच गोष्टीवर अडून बसले. "हक्क संपले म्हणजे सिनेमा हातात आला असं नाही रे. त्या काळची फिल्म नायट्रेटची. नुसत्या उष्णतेनं पेट घेते. 2003 च्या जानेवारीत इथेच, जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात, केवढा साठा जळाला. 'आलम आरा' घे. 1931 चा, आपला पहिला बोलपट. त्याच्यावरही आता कुणाचा हक्क नाही, पण घेणार काय? एक प्रिंट उरलेली नाही. जो जपतो, साफ करतो, त्याला चार पैसे नकोत? सगळं फुकट म्हटलं तर खर्च करणार कोण?"

इथे मला राहवलं नाही. खर्च आपणच करतोय की! जुने सिनेमे जपायच्या सरकारी राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानाला 597 कोटी मंजूर झाले, ते जनतेचेच. फिल्म संग्रहालय ह्याच रस्त्यावर. मग हक्क संपलेल्या सिनेमाची, जनतेच्या पैशानं झालेली स्वच्छ प्रत कुणालाही घरी उतरवून घेता आली पाहिजे. अर्ज नको, ओळख नको. गावातल्या शाळेतल्या पोराला तुकोबा झालेल्या पागनीसांचा चेहरा नीट दिसला पाहिजे.

"हा शिक्केवाला तीच प्रत पळवेल," नाना म्हणाले.

"पळवू दे. शेजारी चांगली प्रत असल्यावर ह्याची बघणार कोण?"

"आणि खासगी संग्रहातली प्रिंट असली तर? ती कशी मागशील?"

ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. वकीलबाईंकडेही नव्हतं. "कायदा हक्क संपवतो, कपाट उघडत नाही," एवढंच त्या म्हणाल्या.

तोवर सुऱ्या देवळातल्या प्रसंगाशी आला होता. जिजाई वहाण घेऊन विठोबावर धावून जाते. चौघंही त्या एवढ्याशा पडद्यावर वाकलो. सुऱ्यानं शिक्का दिसू नये म्हणून अंगठा धरला, तर वहाणेचा हातच झाकला गेला.