गंज चढवायचं काम

रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये बघा, बादल्या, फडकी, शांपू, मोबाईलवर जोरात गाणी, सगळे आपापल्या गाड्या चकाचक करत असतात. मी त्याच वेळी वर गॅलरीत बसून माझी गाडी घाण करत असतो. मुद्दाम, मन लावून, ट्रिपल झीरोचा, म्हणजे अगदी बारीक टोकाचा ब्रश घेऊन. गाडी म्हणजे मॉडेल, साधारण सोळा सेंटीमीटरचं. मुंबईची काळी-पिवळी, प्रिमियर पद्मिनी, स्केल १/२४.

१/२४ म्हणजे खऱ्या गाडीचे चोवीस सेंटीमीटर ते इथे एक सेंटीमीटर. हे मी घरी, ऑफिसात आणि एका लग्नाच्या पंगतीतसुद्धा समजावून सांगितलंय, आणि समोरचा माणूस अगदी समजल्यासारखी मान डोलावतो, जिलबी संपवतो आणि विचारतो, "हो, पण चालते का?"

चालत नाही. चालायची. त्याचं असं झालं की जपानमध्ये शिझुओकाला तामिया नावाची मॉडेलचे किट बनवणारी कंपनी आहे, आमच्या छंदातलं पंढरपूरच ते, त्यांनी पोर्शे काढल्या, निसान काढल्या, टोयोटा काढल्या, फियाटसुद्धा काढली पण ती इटलीतली छोटी ५००. आपल्या कुर्ल्यात बनलेली, १९६४ साली फियाट म्हणून सुरू झालेली, मग प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झालेली, १०८९ सीसी इंजिनवर पाच माणसं, दोन ट्रंका आणि वर कॅरियरवर गादी घेऊन घाट चढणारी ही बाई काही त्यांच्या यादीत बसली नाही. मग काय करायचं, तर बाजारातून प्लॅस्टिकची खेळण्यातली टॅक्सी आणायची, मागे ओढून सोडली की सुर्रकन पळणारी, आणि तिला माणसात आणायचं. त्यात पहिलं काम म्हणजे खालचे स्क्रू काढून ती मागे ओढायची मोटर बाहेर काढणं, कारण ती बरोब्बर जिथे मागची सीट यायला पाहिजे तिथेच ठाण मांडून बसलेली असते. म्हणजे खेळण्यात खेळण्यासारखं जे एकच काहीतरी होतं ते मी पहिल्याच दिवशी काढून टाकलं. माझी मुलगी हे सगळं शेजारी बसून बघत होती. तिने फक्त एवढंच विचारलं, "बाबा, तुला कुणी शिक्षा केलीये का?"

मोटर गेल्यावर आत पोकळी. आता आतलं सगळं हाताने करायचं. पद्मिनीला पुढे दोन वेगळ्या सीटा नव्हत्या, एकच लांब बाक, आणि गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. त्याला पातळ प्लॅस्टिक शीट लागते, ती आर्किटेक्ट लोकांचं मॉडेलचं सामान जिथे मिळतं तिथे मिळते, पण खरं सांगू का, एक्स्पायर झालेलं डेबिट कार्ड त्याहून बरं, फुकट असतं आणि जाडी एकसारखी. माझ्या टॅक्सीच्या पुढच्या बाकाखाली आजही एका जुन्या कार्डाचे चार आकडे आहेत.

पण मुंबईची टॅक्सी म्हणजे वरचं छत. आत बसून मान वर केली की फुलाफुलांचं कापड नाहीतर रेक्झिन दिसायचं, ते नसेल तर ती टॅक्सीच नाही. बायकोच्या कपाटातले सगळे ब्लाउजपीस लावून बघितले, पण एक सेंटीमीटरचं फूल आमच्या हिशोबाने चोवीस सेंटीमीटरचं होतं, म्हणजे पॅसेंजरच्या डोक्यावर सूर्यफुलाचं शेत. बारीक बुट्टी पाहिजे होती. ती शेवटी आईच्या ट्रंकेत, एका खणाच्या कोपऱ्यात सापडली. आईने खण कापायला दिला, खळखळ न करता दिला, मलाच आश्चर्य वाटलं. मग म्हणाली, "ओटी भरायचीये का तिची? मग नारळ पण लागेल."

इथपर्यंतचं काम तसं सभ्य होतं. गाडी पूर्ण झाली, काळी कुळकुळीत, वर पिवळं छत, चॉकलेटच्या चांदीचे बंपर, आणि दिसत कशी होती तर खेळण्यासारखी. ह्याचं कारण स्वच्छता. डोळ्याला वस्तू मोठी वाटते ती तिच्यावरच्या मळामुळे, खोबणीत साठलेल्या काळपट रेषेमुळे, दाराखालच्या चिखलामुळे. म्हणून आमच्यात वेदरिंग करतात. ऊन, पाऊस आणि वीस वर्षांचं मुंबईचं ट्रॅफिक हे सगळं एका ब्रशने आणायचं. वीस वर्षं मी उगीच नाही म्हणत, मुंबईत टॅक्सीचं वयच तेवढं धरलेलं आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदवली गेली, आणि म्हणून ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी सगळ्याच रस्त्यावरून गेल्या. त्याआधी मी स्टेशनबाहेर उभ्या असलेल्या टॅक्सींच्या चाकाजवळ उकिडवा बसून गंजाचे फोटो काढत फिरायचो आणि ड्रायव्हर खिडकीतून वाकून विचारायचे, "क्या गिरा साब?"

गंज कुठे येतो ह्याचं एक शास्त्र आहे. दाराच्या तळाशी येतो, कारण काचेच्या फटीतून आत गेलेलं पाणी खालच्या बारक्या भोकांतून बाहेर पडायचं असतं आणि ती भोकं मातीने बुजलेली असतात. चाकाच्या कमानीत येतो. छताच्या कडेला जी पन्हळ असते तिच्यात येतो. कॅरियरचे पाय जिथे टेकतात तिथे येतो. दाराच्या मधोमध येत नाही. नवशिके लोक दाराच्या मधोमध गंज काढतात आणि मग ती गाडी गंजलेली न दिसता तिला गोवर आल्यासारखी दिसते.

तर गंजाची पद्धत अशी. आधी तपकिरी रंग द्यायचा. तो वाळला की जिथे पोपडे उडालेले पाहिजेत तिथे पाण्याचा हात फिरवून वर जाडं मीठ भुरभुरायचं. मीठ चिकटलं की त्यावरून काळा रंग फवारायचा, आणि वाळल्यावर जुन्या टूथब्रशने मीठ घासून काढायचं, की मिठाखालचा तपकिरी रंग वेड्यावाकड्या पोपड्यांसारखा उघडा पडतो. जगभर करतात, मी काही शोधलेलं नाही. पण आमच्या स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभा राहून मी गाडीवर मीठ टाकत होतो आणि आई मागून आली. एक मिनिट बघत राहिली. मग काही न बोलता मोहरीचा डबा काढून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "नुसत्या मिठाने दृष्ट उतरत नाही."

काळा रंग फवारायची वेळ आली ती जुलैत. डोंबिवली, जुलै, हवा अशी की पापड भाजून ताटात येईपर्यंत सादळतो. ह्या हवेत लॅकर फवारला की थिनर भराभर उडतो, पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्याच्यावर बसते आणि काळा रंग दुधाळ होतो. माझी काळी-पिवळी ही पांढरी-पिवळी झाली. उपाय दोनच, एकतर सावकाश उडणारा थिनर आणायचा नाहीतर कोरडी हवा आणायची. थिनर मागवला तर तो ज्वलनशील म्हणून विमानाने येत नाही, रस्त्याने येतो, आणि रस्ते जुलैतले. राहिली कोरडी हवा, ती आमच्याकडे फक्त बेडरूममध्ये, एसी लावल्यावर. बायको म्हणाली, "थिनरचा वास येणार असेल तर नाही." मग तह झाला. फवारणी गॅलरीत, पाऊस थांबलेला असताना, हलक्या हाताने, आणि लगेच गाडी एसीत. म्हणजे टॅक्सी बेडरूममध्ये चोवीस डिग्रीवर झोपलेली आणि आम्ही चौघं हॉलमध्ये पंख्याखाली, घाम पुसत, कुजबुजत. ज्या गाडीला जन्मात कधी एसी नव्हता तिच्यासाठी!

त्यात एअरब्रशला, म्हणजे रंगाच्या पिचकारीला, हवा देणारा कॉम्प्रेसर. तो घुर्र घुर्र आवाज, आणि मी तोंडाला मास्क लावून बसलेला. समोरच्या काकू दोन दिवस बघत होत्या, तिसऱ्या दिवशी अडुळशाचा काढा घेऊन आल्या, म्हणाल्या वाफ घेऊन नाही बरं होत रे, कफ मुळापासून गेला पाहिजे. मी काढा प्यायलो. सांगत बसण्यापेक्षा ते सोपं होतं.

आता धूळ. लोकांना वाटतं धूळ काय, खालची उचलायची आणि टाकायची. नाही चालत! खऱ्या मातीचा एक मिलिमीटरचा खडा गाडीवर पडला की तो चोवीस मिलिमीटरचा दगड होतो, म्हणजे टॅक्सीवर दरड कोसळली. क्लिअर कोटमध्ये, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात, माझा एक केस अडकला होता तर छतावर केबलवाल्याची वायर पडल्यासारखी दिसत होती. रांगोळीसुद्धा जाड पडते, ती गाडीखालच्या रस्त्याला खडी म्हणून छान, पण धूळ म्हणून नाही. परदेशी पिगमेंटच्या एवढ्याशा बाटल्या मिळतात, गंजाचा रंग वेगळा, धुळीचा वेगळा, आणि त्यांच्या किमती मी इथे लिहीत नाही कारण हा लेख घरी वाचला जाईल. पण मग माझ्या लक्षात आलं की तुळशीवृंदावनाला लावायला आई दर दिवाळीला गेरू आणते. गेरूत असतं काय, तर आयर्न ऑक्साइड. म्हणजे मी दुकानातून गंजाचा रंग मागवत होतो आणि घरात दहा रुपयांचा अस्सल गंज पुडीत पडून होता. खलात घोटला, वस्त्रगाळ केला, मऊ ब्रशने चाकांच्या कमानीत बसवला. काय सांगू, जीव आला गाडीत. त्यावर वार्निश मात्र मारलं नाही, कारण वार्निश लागलं की पावडर ओली होते आणि दिसेनाशी होते, हे छंदातल्या कुणालाही विचारा.

वार्निश नाही म्हणजे हात लावायचा नाही. हा नियम मी घरात सगळ्यांना सांगितला. पाहुण्यांना सांगितला, तरी त्यांचा चिरंजीव गाडी मागे ओढून सोडायचा आणि ती जागची हलली नाही की माझ्याकडे बघून म्हणायचा, "बिघडलीये." आईलाही सांगितलं होतं, पण दसऱ्याला वाहनांची पूजा, तिने टॅक्सी पाटावर ठेवली, बॉनेटला हळदकुंकू लावलं आणि टपावर एक झेंडू ठेवला. एक झेंडू, पाच सेंटीमीटरचा. हिशोब करा, जवळजवळ सव्वा मीटर. झेंडू मी उचलून बाजूला ठेवला पण कुंकू ठेवलं, कारण खऱ्या टॅक्सीच्या बॉनेटवर ते असायचंच आणि इतकं बरोबर बोट मला ट्रिपल झीरोने जमलं नसतं.

ज्यांना सांगायचं राहिलं त्या आमच्या कामाच्या मावशी. दिवाळीची साफसफाई. मी ऑफिसातून आलो तर शोकेस लखलखत होती आणि टॅक्सी स्टीलच्या पेल्यांबरोबर पालथी घातलेली, थेंब गळतायत.

"दादा, काय अवतार झालेला गाडीचा," मावशी म्हणाल्या. "साबणाने धुतली. लाल माती गेली सगळी. पण तो दाराखालचा गंज काय निघंना बघा, काथ्याने घासला, तारेच्या घासणीने घासला, हात दुखले माझे. लोखंडच सडलंय आतून."

गाडी प्लॅस्टिकची आहे.

मी त्यांना काही बोललो नाही. बोलणार काय? इतकी वर्षं भांडी, तवे, कढया घासलेल्या बाईने प्लॅस्टिकला सडलेलं लोखंड म्हणावं, ह्याच्या वरचं सर्टिफिकेट शिझुओकाहून पण येणार नाही. बायकोला मात्र मी असा हसत का बसलोय ते कळेना, तिला वाटलं धक्का बसला.

गेरू परत लावला. आणि मग एक दिवस तळमजल्यावरचे काका आले, सोसायटीच्या मेंटेनन्सचं काहीतरी घेऊन. काकांनी आयुष्यभर मुंबईत टॅक्सी चालवली, पद्मिनीच. मी इतके दिवस त्यांना मुद्दाम दाखवली नव्हती, पूर्ण झाल्यावर दाखवू म्हणून. टेबलावर ठेवली, दिवा लावला. काका चष्मा पुसून खाली वाकले. बराच वेळ बघत राहिले, आईनेसुद्धा टीव्हीचा आवाज कमी केला.

"कुणाची ही?"

"मी बनवलीये काका."

"ते कळलं. पण एवढी घाण?" त्यांना खरोखरच लागलं होतं. "रोज सकाळी पाच वाजता बादलीभर पाणी मारायचो मी. उदबत्ती लावल्याशिवाय चावी फिरवली नाही. अशी गाडी स्टँडला लावली असती तर बाकीच्यांनी हसून मारला असता मला." आणि खिशातून रुमाल काढला. मी "काका, वार्निश..." म्हणेपर्यंत उजवीकडची चाकाची कमान स्वच्छ.

मग तपासणी सुरू झाली. कॅरियर बरोबर. छताचं कापड बघून "वा" म्हणाले, फक्त तेवढ्याला. गिअरचा दांडा बोटाने दाखवून दुसरा कसा अडकायचा ते सांगितलं. शेवटी डाव्या बाजूला बॉनेटजवळ बाहेर बसवलेला तो जुना मीटर, जो मी तांब्याची तार आणि कार्डाचा तुकडा घेऊन डोळे फुटेस्तोवर केला होता, त्याच्यावर थांबले.

"मीटर पाडलेला आहे, म्हणजे भाडं सुरू," काका म्हणाले.

"हो, तो असाच छान दिसतो."

"आणि पॅसेंजर?"

गाडी रिकामी होती.

"मग भाडं कोण देणार, तू?"

तर सध्या पॅसेंजरचं काम काढलंय. उभा असता तर सात सेंटीमीटरचा झाला असता, पण बसवायचा आहे म्हणून गुडघ्यात कापावा लागणार, हातात छत्री द्यायचा विचार आहे. काकांना विचारलं, कसा पाहिजे, ऑफिसवाला की बाजारहाट करून निघालेल्या बाई?

काका म्हणाले, "कोणी पण चालेल. जायचंय कुठे ते आधी विचार. जवळचं असेल तर आपण जात नाही."