के. सुब्रह्मण्यम यांना संस्था बक्षीस मिळाली होती काय?

संरक्षण खात्यात सचिवपद भूषवलेल्या के. सुब्रह्मण्यम यांनी दिल्लीतील संरक्षण अभ्यास व विश्लेषण संस्था स्थापन केली, निवृत्तीनंतरची सोय म्हणून ती त्यांच्याच हाती सोपवण्यात आली आणि तेथून त्यांनी सरकारचीच री ओढली, असा मजकूर सध्या बराच फिरतो आहे. त्यातील एकही विधान तपासाला उतरत नाही.

स्थापनेचा मुद्दा चटकन निकालात निघतो. ही संस्था नोव्हेंबर १९६५ मध्ये, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना उभी राहिली (हे निदान मराठी वाचकांनी तरी विसरू नये) आणि तिचे पहिले संचालक मेजर जनरल सोम दत्त होते.

निवृत्तीच्या सोयीची गोष्ट तर पूर्ण उलटी आहे. १९२९ साली जन्मलेले आणि भारतीय प्रशासकीय सेवेच्या १९५१च्या तुकडीतील सुब्रह्मण्यम १९६८ मध्ये संचालक झाले, तेव्हा त्यांनी वयाची चाळिशीही गाठलेली नव्हती. १९७५ नंतर ते शासकीय कामात परतले. तमिळनाडूचे गृहसचिव, संयुक्त गुप्तवार्ता समितीचे अध्यक्ष आणि संरक्षण उत्पादन सचिव ही पदे त्यांनी त्यानंतर सांभाळली. १९८० मध्ये ते पुन्हा संस्थेत आले, पण ती बढती नव्हती: सत्तेवर परतलेल्या इंदिरा गांधींनी वडिलांना सचिवपदावरून दूर केले, असे त्यांचे पुत्र एस. जयशंकर यांनी २०२३ मधील एका मुलाखतीत सांगितले आहे. १९८७ मध्ये ते सेवानिवृत्त झाले, तेव्हा संस्थेचे संचालकपदही सुटले. निवृत्तीने त्यांना संस्था दिली नाही. ती त्यांच्याकडून घेतली.

राहिला सरकारची री ओढण्याचा आरोप. संस्थेचा खर्च संरक्षण मंत्रालयाच्या अनुदानातून चालतो, म्हणून शंका घेणे गैर नाही. तथापि मार्च १९७१च्या अखेरीस, सरकार सावधपणे पावले टाकत असताना, पूर्व पाकिस्तानातील संकट ही भारतासाठी पुन्हा न येणारी संधी असल्याचे ते जाहीरपणे बोलले, आणि पाकिस्तानने त्याच वाक्याचा भारताविरुद्ध प्रचारात वापर केला. सरकारी प्रवक्ता असे बोलत नसतो. पुढे १९९९ मध्ये कारगिल आढावा समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांनी गुप्तवार्ता यंत्रणेतील त्रुटी नोंदवल्या. व्यक्तिगत जबाबदारी निश्चित न केल्याची टीका त्या अहवालावर झाली आणि ती रास्त होती. त्याच वर्षी जाहीर झालेला पद्मभूषण मात्र, सनदी अधिकारी आणि पत्रकार यांनी सरकारी सन्मान घेऊ नयेत, असे कारण देऊन त्यांनी नाकारला.