‘ऑइल गळतंय? मेकॅनिकला एक रुपया देऊ नका’ या मेसेजला उत्तर

आमच्या भावकीच्या ग्रुपवर गेल्या महिन्यात एकच मेसेज तिघांनी टाकला. गाडीखाली ऑइल पडत असेल तर गॅरेजची पायरी चढू नका, घरच्या घरी हे करा, असं वर ठळक अक्षरात. खाली उपाय: नट-बोल्ट आवळा, बाहेरून एम-सील लावा, गळती थांबवणारी बाटली इंजिनात ओता, जाड ऑइल वापरा. मग गॅरेजवाले वीस रुपयांच्या पॅकिंगचे हजारो रुपये कसे उकळतात त्याची तक्रार, आणि शेवटी, काढलेलं काळं ऑइल वाया घालवू नका, वाळवीला ओता. माझ्या चुलतभावाने यातला पहिला उपाय केला आणि मोटरसायकल टेम्पोत घालून न्यावी लागली, म्हणून हे लिहायला बसलो. मी मेकॅनिक नाही. पण पंचवीस वर्षं स्वतःच्या गाड्यांचं निम्मं काम अंगणातच करत आलोय, तेव्हा घरी पाना हातात घेण्याला माझा विरोध नाही.

सगळ्यात मोठी खोट मेसेजमध्ये जे लिहिलेलंच नाही त्यात आहे. गळतंय कुठून, ते आधी बघा, असं एका ओळीतही नाही. थेंब जमिनीवर जिथे पडतो त्याच्या बरोबर वर गळती असेलच असं नाही. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, पॅकिंगमधून पाझरलेलं ऑइल ब्लॉकवरून ओघळत खाली येतं, गाडी पळताना वाऱ्याने मागे सरकतं आणि चेंबरच्या, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्याच्या, एखाद्या बोल्टच्या टोकाला लोंबतं. वाकून बघणारा म्हणतो, चेंबर गळतंय. मोटरसायकलच्या पुढच्या स्प्रॉकेटपाशी, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकापाशी, साचलेला काळा चिकटा तर कित्येकदा चेनला मारलेल्या ल्यूबचा असतो. इंजिनाचा त्याच्याशी काही संबंध नसतो.

शोधायची रीत सोपी आहे. इंजिन पूर्ण थंड असताना जुन्या ब्रशने आणि थोड्या डिझेलने तो भाग धुवायचा, बेल्ट आणि वायरी सांभाळायच्या, फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्यायचा. मग संशयाच्या जागी अंगाला लावायची साधी टाल्कम पावडर भुरभुरायची, आठ-दहा किलोमीटरची चक्कर मारायची आणि टॉर्च घेऊन वरून खाली बघत यायचं. पांढऱ्या पावडरीत सगळ्यात वर जिथे तपकिरी रेघ सुरू झालेली दिसते, तिथे गळती. माझ्या जुन्या हॅचबॅकखाली मागच्या पावसाळ्यात रोज सकाळी रुपयाएवढा डाग पडायचा, चेंबरच्या मागच्या कोपऱ्याखाली. चेंबरचं पॅकिंग गेलं अशी माझी खात्रीच झाली होती. पावडर मारून पाहिलं तर रेघ बरीच वर, ऑइल प्रेशर स्विचच्या बुडापासून निघालेली. काम अर्ध्या तासाचं निघालं. पावडर न मारता चेंबर उतरवलं असतं तर रविवार गेला असता आणि डाग तसाच राहिला असता.

आता मेसेजचे मुद्दे.

‘नट-बोल्ट आवळा, गळती थांबते.’ बोल्ट खरंच ढिला असेल तर थांबते. पण पॅकिंग उष्णतेने कडक होऊन आखडलेलं असेल तर कितीही आवळा, ते परत मऊ होणार नाही. टॅपेट कव्हरच्या आणि चेंबरच्या छोट्या बोल्टना बहुतेक गाड्यांत साधारण १० न्यूटन मीटर एवढाच टॉर्क लागतो. म्हणजे २० सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला जेमतेम पाच किलोचा जोर. आपण अंगचा जोर लावतो तेव्हा याच्या कैकपट जातो. पत्र्याचं चेंबर असेल तर बोल्टच्या भोकाशी त्याची कड वाकते आणि दोन बोल्टच्या मधून गळती वाढते. ॲल्युमिनियम असेल तर आटेच जातात. चुलतभावाचं हेच झालं. त्याच्या ड्रेन नटातून, म्हणजे जुनं ऑइल काढायच्या खालच्या नटातून, थेंब येत होता, कारण मागच्या सर्व्हिसला नटाखालचा वायसर बदललाच नव्हता. तो वायसर मऊ धातूचा असतो, एकदा दबून बसला की पुन्हा नीट बसत नाही, आणि येतो काही रुपयांत. भावाने वायसर बदलायच्या ऐवजी पान्यात पाईप घालून आवळलं. तो सांगत होता, आधी घट्ट, घट्ट, आणि मग अचानक पाना हाताला हलका लागला. त्या क्षणी क्रँककेसचे, म्हणजे इंजिनाच्या खालच्या खोक्याचे, आटे गेले. पुढे ऑइल काढून, भोक मोठं करून, नवे आटे पाडून हेलिकॉइल, म्हणजे आट्यांच्या जागी बसणारी तारेची गुंडाळी, बसवावी लागली.

आणखी एक कारण आवळण्याने कधीच सुटत नाही, ते म्हणजे तुंबलेला ब्रीदर. इंजिनाच्या आत पिस्टनच्या बाजूने थोडा गॅस खाली उतरतच असतो. त्याला बाहेर जायची वाट बंद झाली की आत दाब वाढतो आणि चांगल्या सीलमधूनही ऑइल ढकललं जातं. एकाच वेळी दोन-तीन जागा ओल्या दिसल्या तर आधी ब्रीदरचा पाईप काढून बघा. हे काम घरी होतं.

‘बाहेरून एम-सील लावा.’ तेलकट जागेवर ते धरत नाही, आणि आतून ऑइल येत असताना जागा कोरडी राहत नाही. त्यात फिल्टर आणि प्रेशर स्विचच्या बाजूला ऑइल तीन-चार बारच्या दाबाने असू शकतं, म्हणजे कारच्या टायरमधल्या हवेपेक्षा जास्त. घाटात दगड लागून चेंबरला चीर गेली, आणि ऑइल पूर्ण काढून, जागा घासून, पुसून एम-सील लावून पुढच्या गावापर्यंत पोचलात, तर ते शहाणपण आहे. तीच डागडुजी वर्षभर चालवणं नाही. सिलिकॉनची ट्यूब वापरणाऱ्यांनी तर फार जपावं. जाड थर दिला की तो आतल्या बाजूनेही बाहेर येतो, त्याचा तुकडा सुटतो आणि ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन अडकतो.

‘बाटली ओता.’ या बाटल्यांमधलं रसायन रबरी सील थोडं फुगवतं. म्हातारं, आखडलेलं सील असेल तर काही दिवस थेंब कमी होतो. कागदी पॅकिंग, फाटलेलं सील, गेलेले आटे यांवर त्याचा काही उपयोग नाही. बहुतेक मोटरसायकलींत क्लच इंजिनच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, म्हणून त्यांच्या ऑइलच्या डब्यावर जासो एमए किंवा एमए २ हे अशा क्लचला चालणाऱ्या ऑइलचं मानक लिहिलेलं असतं. त्यात भलतं रसायन गेलं तर क्लच घसरायला लागतो. गळती राहिली बाजूला, क्लच प्लेटांचा खर्च वाढला.

‘जाड ऑइल घाला.’ ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० अशा पातळ ऑइलसाठी बनवलेल्या इंजिनात २०डब्ल्यू-५० सारखं जाड ओतलं की सकाळी थंड इंजिनात ते वरपर्यंत उशिरा पोचतं. झीज सगळ्यात जास्त तेव्हाच होते. गाडीच्या पुस्तकात जे लिहिलंय तेच घाला.

‘वीस रुपयांच्या पॅकिंगचे हजारो रुपये.’ हा मुद्दा लोकांना पटतो, कारण प्रत्येकाच्या गाठीला एखादा अनुभव असतो. माझ्याही आहे: एका गॅरेजवाल्याने मला न विचारता हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उघडला होता. तरीही हिशोब नीट करू या. क्रँकचं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं, मागचं सील स्वस्तच असतं. पण ते फ्लायव्हीलच्या मागे बसलेलं. तिथे पोचायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, क्लच आणि फ्लायव्हील काढावं लागतं, आणि सगळं परत जागेवर चढवावं लागतं. तुम्ही पैसे त्या रबराचे देत नाही, दोन माणसांच्या दिवसाचे देता. म्हणूनच गिअरबॉक्स खाली आहे तोवर क्लच प्लेट बघून घ्या. ती संपत आली असेल तर तेव्हाच बदला, नाहीतर तीच मजुरी पुन्हा द्याल.

मी स्वतःपुरती रेषा अशी आखलीय. ड्रेन नटाचा वायसर, फिल्टर, टॅपेट कॅपची ओ-रिंग, ब्रीदर, आणि हात सहज पोचत असेल तर टॅपेट कव्हरचं पॅकिंग, हे घरी. फिल्टर बदलताना जुन्याची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली नाही ना ते बोट फिरवून बघतो. तिच्यावर नवा फिल्टर बसला तर काही मिनिटांत इंजिन रिकामं होऊ शकतं. क्रँकची सीलं, टायमिंगची बाजू, हेड गॅस्केट गॅरेजला. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मी कधीच शिरत नाही. पक्के स्टँड नसतील तर खालचं कुठलंच काम घरी करू नका, कितीही सोपं असो. मागच्या टायरवर किंवा ब्रेकवर ऑइल उडत असेल, सायलेन्सरवर पडून धूर येत असेल, तर गाडी चालवत गॅरेजलाही नेऊ नका. आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागेपर्यंत थांबू नका. तो दिवा पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो, आणि तो पेटतो तेव्हा दाब गेलेला असतो. डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, दर आठवड्याला बघा.

गॅरेजवर विश्वास नसेल तर कामाआधी गळतीची जागा दाखवायला सांगा, आणि जुनं सील परत मागा. नखाने दाबून बघा. चांगलं सील लवतं, गेलेलं प्लॅस्टिकसारखं कडक लागतं, नाहीतर त्याची आतली कड झिजून गुळगुळीत झालेली दिसते. प्रामाणिक मेकॅनिक हे आनंदाने दाखवतो.

राहिली वाळवी. काळं ऑइल दाराच्या चौकटीला आणि झाडाच्या बुंध्याला लावायची सवय आपल्याकडे जुनी आहे, माझे वडीलही लावायचे. पण वापरलेल्या ऑइलमध्ये इंजिनाच्या झिजेचे धातूचे कण आणि ज्वलनाची काजळी असते, ते मातीत जातं आणि पावसात विहिरीकडे वाहतं. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं ऑइल येतं, ते नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जायला हवं. मी पाच लिटरच्या जुन्या डब्यात साठवतो आणि भरला की ओळखीच्या गॅरेजातल्या पिंपात ओतून येतो. ते पिंप महिन्याकाठी उचललं जातं. तिथला पोरगा मला डबा रिकामा करून परत देतो, पुढच्या सर्व्हिसला तोच चालतो.