बागेतल्या गोगलगायीला 'दक्षिणावर्ती' करणाऱ्यांनो

कोपरखैरण्याच्या मामीचा परवा फोन आला. "अरे, सोसायटीच्या बागेत दक्षिणावर्ती शंख मिळाला, देवघरात ठेवलाय." फोटो बघतो तर बोटभर लांबीचा, तपकिरी पट्ट्यांचा गोगलगायीचा शंख, तोंडाशी वाळलेला चिकटा तसाच! उगम अर्थातच दर पावसाळ्यात फिरणारा फॉरवर्ड: सह्याद्रीतला दुर्मिळ शंख आहे, पूजेत ठेवा, पूड करून मुलांना दुधातून द्या, जिवंत गोगलगाय चेहऱ्यावर फिरवा, डाग जातात, फारच झाल्या तर कुंड्यांत मीठ टाका.

सह्याद्री कुठला? ही पूर्व आफ्रिकेतली राक्षसी गोगलगाय. 1847 साली बेन्सन या इंग्रज अभ्यासकाने मॉरिशसहून कलकत्त्याला आणली, चौरंगीच्या एका बागेत सुटली आणि पसरत गेली. जगातल्या सर्वांत घातक 100 परक्या जातींच्या आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या यादीत तिचं नाव आहे. एका खेपेला शे-दोनशे अंडी घालते, म्हणजे 'दुर्मिळ' तर मुळीच नाही.

वळणाचं म्हणाल तर वेटोळी वर आणि तोंड आपल्याकडे करून धरा, तोंड उजवीकडे येईल. पूजेतला नेहमीचा शंख असाच धरा, त्याचंही उजवीकडेच येतं. दक्षिणावर्ती म्हणतात तो याच्या उलट वळणाचा असतो, म्हणून तर त्याचं एवढं अप्रूप. मामीने ताडून पाहिलं आणि गप्प बसली.

आता चेहऱ्याचं. यावर मात्र माझं डोकंच फिरलं, कारण मामीची कॉलेजात जाणारी लेक खरंच एक धरून बसली होती. गोगलगायीच्या चिकट्याची कोरियन क्रीमं मिळतात, हे मान्य. पण तो पाळलेल्या गोगलगायींचा, गाळून-शुद्ध करून घेतलेला असतो. आपल्या बागेतली उंदरांच्या लेंड्यांवरून फिरते. उंदराच्या फुप्फुसातल्या एका कृमीच्या अळ्या तिच्या अंगात वाढतात, आणि त्या पोटात गेल्या तर थेट मेंदूकडे जाऊन मेंदूच्या आवरणाला सूज आणतात. ओठांशेजारून हिला फिरवायचं? ती जिच्यावरून फिरली ती पालेभाजी न धुता खाल्ली, तरी तीच गत.

पुडीबद्दल एवढंच: शंखात कॅल्शियम आहे, खोटं नाही. पण ते तिने आपल्याच सोसायटीच्या भिंतीचा चुना खरवडून मिळवलंय. मुलाला दूध नुसतंच द्या. आणि वैद्यांचं शंखभस्म समुद्रातल्या शंखाचं, शोधन करून केलेलं असतं. मिक्सरमधून काढलेलं नव्हे.

मिठाने गोगलगाय मरते, पण कुंडीतलं झाडही जातं. त्यापेक्षा संध्याकाळी ओलं गोणपाट आणि पपईची पानं टाकून ठेवा. सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून उचला, मिठाच्या दाट पाण्याच्या बादलीत बुडवा आणि मेल्यावर खड्ड्यात पुरा. अंडी दिसली तर तीही त्याच बादलीत.