आजीचं पांढरं लुगडं आणि दीड किलो रद्दी

जय भीम.

आज सकाळी नाक्यावर रद्दी द्यायला गेले होते. काट्यावर आधीच कुणाचा तरी गठ्ठा चढवलेला होता. सुतळीने बांधलेला, कडा तपकिरी पडलेल्या. वरच्या पानावर ‘प्रबुद्ध भारत’, बाबासाहेबांचं वृत्तपत्र. खाली हात घालून पाहिलं तर ‘जनता’चेही अंक. दीड किलो भरलं. कुठून आलं विचारलं, तर दुकानदार म्हणाला, “ताई, चाळ खाली होतेय ना, रोज येतंय असं. फोटो, पेट्या, सगळंच.”

गठ्ठा घेऊन घरी आले. दुपार झाली तरी डोकं शांत होत नाही, म्हणून लिहितेय.

‘जनता’ सुरू झालं २४ नोव्हेंबर १९३० ला. १९५६ च्या फेब्रुवारीत बाबासाहेबांनीच त्याचं ‘प्रबुद्ध भारत’ केलं. ज्या खोलीत महिनाअखेरीला पीठ उसनं आणावं लागायचं, तिथल्या माणसाने पोटाला चिमटा काढून हे अंक घेतले. एकाने मोठ्याने वाचायचं आणि दहा जणांनी ऐकायचं. मग ते सुतळीने बांधून माळ्यावर जपायचे. आणि नातवंडांनी ते काट्यावर घातले? उघडून बघावंसंही वाटलं नाही?

पण मी कुणाला बोलू? माझ्या घरातही हेच झालंय.

आजी नायगावला चाळीत राहायची. नागपूरची बौद्ध धम्मदीक्षा तिची हुकली होती, आजोबांना गिरणीत खाडा करता आला नाही. पण १६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब मुंबईत दीक्षा द्यायला येणार होते. त्या दिवसासाठी तिने पांढरं लुगडं घेऊन ठेवलं होतं. ६ तारखेला दिल्लीहून बातमी आली. ७ तारखेला ते कोरं लुगडं नेसून आजी अंत्ययात्रेत चालली. दादरच्या चौपाटीवर भदन्त आनंद कौसल्यायन यांनी बाबासाहेबांच्या पार्थिवासमोरच जमलेल्या लोकांना दीक्षा दिली. त्या अफाट गर्दीत आजी होती. घरी येऊन तिने लुगडं घडी करून पत्र्याच्या ट्रंकेत तळाशी ठेवलं. पुन्हा कधी नेसली नाही. धुतलंही नाही. चौपाटीची वाळू राहू दे म्हणायची.

आजी गेल्यावर आम्ही खोली बदलली. त्या धांदलीत जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई आली, आणि लुगडं तिच्या बोचक्यात गेलं. बदल्यात आलं स्टीलचं पातेलं. मी तेव्हा सतरा वर्षांची होते. ते पातेलं मीच आत नेऊन मांडणीवर ठेवलं.

आता म्हणाल, इंदू मिलमध्ये बाबासाहेबांचं ४५० फुटांचं स्मारक होतंय की. बाबासाहेब जिथे राहिले ते लंडनचं किंग हेन्री रोडवरचं १० नंबरचं घर सरकारने घेतलं. हो, हे व्हायलाच हवं होतं, त्यासाठी आपली माणसं रस्त्यावर उतरली आहेत. पण सरकारला मागताना आपल्या घरातलं काय काय घालवतोय, ते कोण बघणार? नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांचे कपडे, टाइपरायटर आज बघायला मिळतात, कारण वामनराव गोडबोले नावाच्या माणसाने ते जिवापाड सांभाळले. बाबासाहेबांच्या पत्नी माईसाहेबांनी दिलेल्या वस्तू पुण्यात सिंबायोसिसच्या संग्रहालयात आहेत. बाबासाहेबांच्या लेखनाचे आणि भाषणांचे खंड १९७९ पासून निघू लागले, त्यामागे संपादक वसंत मून यांनी वर्षानुवर्षं उपसलेले कष्ट आहेत. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी एकजण हटून बसला, म्हणून ते वाचलं.

आणि आपण? १४ एप्रिलला डीजेवर एका रात्रीत किती उडवतो, हे मला लिहायला लावू नका. त्या पैशात अख्ख्या चाळीचे जुने कागद स्कॅन झाले असते. पोरांना आनंद करू द्या, एक दिवस तर असतो, हेही खरं. पण राग येतो.

तिकिटं-नाणी जमवणारेही आपल्यात आहेत. १९६६ चं १५ पैशांचं तिकीट, १९९० चा बाबासाहेबांचा रुपया. जमवा, जरूर जमवा. पण तो रुपया आज नाही तर उद्या कुणाकडे तरी मिळेल. आजीचं लुगडं एकच होतं. त्याला बाबासाहेबांचा हातही लागला नव्हता, तरी बाबासाहेबांनी काय केलं ते त्यातच दिसायचं. नवऱ्याच्या तुटपुंज्या पगारावर संसार करणारी एक बाई धर्म बदलायला स्वतः निघाली होती, स्वतःच्या पैशाचं वस्त्र घेऊन.

ज्यांनी गठ्ठा दिला त्यांच्यावर सकाळी फार चिडले होते. आता तेवढी चिडलेली नाही. तीन पिढ्या एका खोलीत काढल्यावर नवं घर मिळतंय, सामान हलवायला चार दिवस, त्यात माळ्यावरचं कोण उघडून बघणार! आमच्या आईने तरी काय वेगळं केलं? “आठवण मनात असते गं,” म्हणाली होती. पण आई, तुझ्यामाझ्या मनातली आठवण माझ्या लेकीला कशी दाखवू?

म्हणून हात जोडून सांगते. पेटी रिकामी करण्याआधी घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला तिच्यासमोर बसवा. १९५६ ला जो दहा वर्षांचा होता तो आज ऐंशीच्या घरात आहे. एकेक वस्तू हातात द्या, बोलू द्या, मोबाईलवर रेकॉर्ड करा. कुणाची, कधीची, कुठून आली, तेवढं चिठ्ठीवर लिहून वस्तूसोबत ठेवा. जुन्या कागदांना लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका, कागद कायमचा जातो. सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा, एवढं पुष्कळ आहे.

गठ्ठा माझ्याकडे आहे. पहिल्या अंकाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने खोली नंबर ४१ लिहिलंय आणि प्रत्येक अंकावर वाचून झाल्याची बारीक खूण आहे. तुमच्या घरचा असेल तर या आणि घेऊन जा. पैसे नकोत. फक्त हे कोण वाचत होतं, तेवढं सांगा. चहा त्याच पातेल्यात करीन.